ध्वनिवर्धकाचे पहिले दार

(स्मृतिव्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या सतरंजीवर आज आपण बसला आहात, तिच्यावर मांडी घालून मी अनेक भाषणे ऐकली आहेत. आणि खरे सांगायचे तर त्यांतील बरीचशी विसरलोही आहे. त्यामुळे या बाजूला उभे राहताना माझ्या मनात संकोच आहे. मी विद्वान नाही, वक्ता तर नाहीच नाही. मोजमापाची विद्युत उपकरणे दुरुस्त करण्यात माझे आयुष्य गेले. तरीही समितीने या वर्षीच्या व्याख्यानासाठी मला बोलावले, याचे कारण एकच असावे. ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांच्या प्रयोगशाळेत मी सोल्डरिंगची इस्त्री हातात धरायला शिकलो. ते ऋण फिटणारे नाही. त्याचा उच्चार तरी करावा, एवढ्याच भावनेने मी उभा आहे.

समितीने विषयाचे स्वातंत्र्य दिले होते. ‘विज्ञान आणि समाज’ यासारखा भारदस्त विषय मला पेलला नसता, म्हणून मी एक पेटीच घेऊन आलो आहे. या टेबलावर जी ॲल्युमिनियमची पेटी दिसते, तो मी घरी बांधलेला ध्वनिवर्धक आहे. माझा आवाज या क्षणी तिच्यातूनच आपल्यापर्यंत पोहोचतो आहे. या पेटीचे वैशिष्ट्य असे की तिचा शेवटचा भाग कायमचा आहे, पण पहिला भाग बदलता येतो. आत येणारा आवाज जसा असेल, तसे तिचे दार बदलायचे. असे का करावे लागते, एवढेच आज मला सांगायचे आहे. पण त्यासाठी जवळजवळ पन्नास वर्षे मागे जावे लागेल.

सन १९७७ च्या सुमारास मी नववीत होतो. त्या काळी इलेक्ट्रॉनिक्सची मासिके शहरातून एखाद्याकडे येत आणि आकृत्यांची पाने हातोहात फिरून जीर्ण होत. अशाच एका पानावरून मी ट्रान्झिस्टरचा छोटा ॲम्प्लिफायर बांधला. शेवटच्या टप्प्यात ए.सी. १८७ आणि ए.सी. १८८ ही जर्मेनियम ट्रान्झिस्टरची जोडी होती. त्या पिढीतील हौशी माणसांना ही जोडी सर्जा-राजाच्या बैलजोडीसारखी परिचित होती. सुटे भाग बेळगावच्या बाजारातून एक एक करून, खाऊचे पैसे साठवून आणलेले. पेटी म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

शाळेत तेव्हा एक तबकडी वाजविण्याचे यंत्र होते. गावातील एका घरून पंडित रामकृष्णबुवा वझे यांची एक जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी मिळाली. बुवांचे वास्तव्य बेळगावात होते, त्यामुळे जुन्या लोकांना त्यांच्याविषयी घरच्या माणसासारखा अभिमान होता. मी मोठ्या ऐटीत ते यंत्र माझ्या डब्याला जोडले आणि तबकडी लावली. आवाज आला, पण कसा? पितळेच्या तांब्यात तोंड घालून कोणी गावे तसा. सूर होता, पण त्याखालची जमीन नव्हती. मी शहाणपणाने म्हणालो, “सर, मुद्रणच फार जुने आहे. त्या काळचा आवाज असा क्षीणच येणार.”

सर काही बोलले नाहीत. त्यांनी टेबलाच्या कप्प्यातून एक रेझिस्टन्स शोधून काढला. तपकिरी, काळा, हिरवा. म्हणजे दहा लाख ओहम. तबकडीच्या यंत्राकडून येणारी तार तोडून त्यांनी तो मध्ये जोडला आणि सुई पुन्हा ठेवायला सांगितले. आवाज पहिल्यापेक्षा कितीतरी लहान झाला. पण मी कान जवळ नेला आणि चकित झालो. बुवांचा खालचा षड्ज परत आला होता. तंबोरा परत आला होता. लहान असला तरी तो संपूर्ण माणसाचा आवाज होता.

सर म्हणाले, “अरे, बुवांचा आवाज क्षीण नव्हता. तुझ्या दारात तो सांडत होता. लहान आवाज मोठा करता येतो. सांडलेला करता येत नाही.”

मित्रहो, माझ्या आजच्या भाषणात यापेक्षा अधिक काही नाही. पुढे जे सांगणार आहे ते या वाक्याचे स्पष्टीकरण समजावे.

त्या डब्यात काय घडत होते? तबकडीच्या यंत्राच्या सुईमागे सिरॅमिकचा एक तुकडा असे. तो दाबला, वाकवला की त्यावर विद्युतभार निर्माण होतो. हा तुकडा एखाद्या छोट्या कंडेन्सरसारखा वागतो. धारकता साधारण १००० पिकोफॅरड धरू. म्हणजे हे एक लहानसे मडके आहे. सुई हलली की त्यात थोडे पाणी येते आणि त्या पाण्याची पातळी आपल्याला वाचायची असते. माझ्या ॲम्प्लिफायरचा प्रवेशरोध होता सुमारे ४७ किलोओहम. मडक्याला तळाशी मोठे भोक पाडावे तसा हा प्रकार झाला. वरच्या पट्टीचे कंपन झपाट्याने होते, त्यामुळे पाणी गळण्यापूर्वीच त्याची पातळी वाचून होते. खालच्या षड्जाचे एक कंपन मात्र सुमारे सात मिलिसेकंद चालते; तोपर्यंत मडके रिकामे! गणित केले तर ४७ किलोओहमच्या दारात सुमारे ३४०० हर्ट्झच्या खालचे सर्व स्वर उतरत जातात, आणि माणसाच्या गाण्यातील बहुतेक मूळ स्वर त्याच्या फार खाली असतात. सरांनी दहा लाख ओहम मध्ये घातल्यावर ती सीमा सुमारे १६० हर्ट्झपर्यंत खाली आली. भोक बारीक झाले. पाणी थोडेच मिळाले, पण त्याची चढउतार खरी मिळाली.

आता ध्वनिवर्धक म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. आपण समजतो की तो आवाज मोठा करतो. ते अर्धे खरे आहे. त्याची कामे दोन आहेत आणि ती दोन वेगवेगळ्या स्वभावांची आहेत. शेवटच्या टप्प्याचे काम बळ देण्याचे. कर्ण्याचा किंवा स्पीकरचा पडदा हलवायला ताकद लागते. पहिल्या टप्प्याचे काम ओळखण्याचे. आलेला संकेत किती नाजूक आहे, कोणत्या उगमातून आला आहे, त्याच्यावर किती भार टाकलेला त्याला सोसवेल, हे जाणून त्याला जसाच्या तसा आत घेणे. बळ देणारे भाग बाजारात पैसे देऊन मिळतात. ओळखणारा भाग विचार करून बांधावा लागतो.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तीन अग्रांचा व्हॉल्व्ह बनवला. १९२७ च्या ऑगस्टमध्ये हॅरॉल्ड ब्लॅक हे बेल प्रयोगशाळेतील अभियंते हडसन नदीवरून बोटीने कामावर जात असताना त्यांना एक कल्पना सुचली आणि हातातील वर्तमानपत्राच्या पानावरच त्यांनी ती टिपून ठेवली. ध्वनिवर्धकाच्या शेवटातील थोडा भाग उलटा करून आरंभी आणायचा, म्हणजे तो स्वतःची चूक स्वतः सुधारतो. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. स्वतःच्या बोलण्याचा काही अंश स्वतःच ऐकणे, असे म्हटले तरी चालेल. आम्हां वक्त्यांना हा गुण विशेष आवश्यक आहे! त्यानंतर १९४७ च्या डिसेंबरात बार्डीन, ब्रॅटन आणि शॉक्ली यांच्या कामातून ट्रान्झिस्टर जन्माला आला. आपल्या देशात १९५४ साली बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना झाली आणि पुढे तेथे बनलेले व्हॉल्व्ह व ट्रान्झिस्टर खेड्यापाड्यांतील दुरुस्तीच्या दुकानांपर्यंत पोहोचले.

पण या साऱ्या प्रगतीतही एक नियम बदलला नाही. पहिल्या टप्प्यात जो गोंगाट मिसळतो, तो पुढे कोणालाही काढता येत नाही. आकड्यांत सांगतो. समजा मायक्रोफोनकडून एक मिलिव्होल्टचा संकेत आला आणि पहिल्या टप्प्याने त्यात एक मायक्रोव्होल्टची खरखर मिसळली. आता सर्व पाचशे पट वाढवले. संकेत झाला अर्धा व्होल्ट, खरखर झाली अर्धा मिलिव्होल्ट. दुसऱ्या टप्प्याने आपली स्वतःची दहा मायक्रोव्होल्टची खरखर घातली, तरी ती त्या अर्ध्या मिलिव्होल्टपुढे नगण्य आहे. म्हणजे दुसऱ्या टप्प्याची दहापट मोठी चूक क्षम्य ठरते आणि पहिल्याची लहान चूक पाचशे पट होऊन शेवटपर्यंत सोबत राहते. रेडिओ संदेशांच्या बाबतीत हेच तत्त्व हॅरल्ड फ्रिस यांनी १९४४ साली सूत्रात मांडले.

मग एकच उत्तम पहिला टप्पा बांधून का भागत नाही? कारण आवाजाचे उगम एकसारखे नाहीत. आज मी ज्याच्यापुढे बोलतो आहे तो डायनॅमिक मायक्रोफोन एखाददुसरा मिलिव्होल्ट देतो, आणि त्याचा स्वतःचा रोध दोनशे-सहाशे ओहम असतो. मॅग्नेटिक कार्ट्रिज सुमारे पाच मिलिव्होल्ट देते आणि तिला ४७ किलोओहमचेच दार हवे असते. ज्या दाराने सिरॅमिकचा घात केला, तेच दार येथे योग्य! सिरॅमिक कार्ट्रिज किंवा हार्मोनियमच्या फळीला चिकटवायचा पिझो मायक्रोफोन संकेत भरपूर देतो, पण त्याला दहा-वीस लाख ओहमच्या खाली काही सोसत नाही. सी.डी. प्लेअर दोन व्होल्टपर्यंत देतो. त्याला वाढविण्याची गरजच नाही, आवरण्याची आहे. दार चांगले की वाईट हे दाराकडे पाहून ठरत नाही. कोण येणार आहे यावर ते ठरते.

तबकड्यांच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. तबकडीवर आवाज जसाच्या तसा कोरत नाहीत. खालचे स्वर कमी करून आणि वरचे वाढवून कोरतात, म्हणजे खोबणी आवाक्यात राहते आणि घासण्याचा आवाज दबतो. वाजवताना नेमके उलट करायचे. लाँग प्ले तबकड्यांसाठी १९५४ च्या सुमारास रिआ नावाचे एक प्रमाण सर्वमान्य झाले. त्यानुसार वाजवताना २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल चढ आणि २० किलोहर्ट्झला जवळजवळ २० डेसिबल उतार द्यावा लागतो. परंतु त्यापूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना हे प्रमाण लागू नाही. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. जुनी तबकडी रिआच्या दारातून घेतली, तर जे स्वर कोरताना वाढवलेलेच नव्हते ते आपण वाजवताना दाबतो. दहा किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबलने. गायकाच्या गळ्यातील दाणा, स्वराची धार, सगळे पांघरुणाखाली जाते. आणि मग आपण म्हणतो, जुने गाणे असेच असायचे!

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाला १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांच्यासारख्या कलावंतांच्या गायनाने आरंभ झाला. त्यानंतरच्या अर्ध्या शतकातील गाणे बहुतांशी या ७८ च्या तबकड्यांवर आहे. भीमसेन जोशी यांनी लहानपणी गदगला अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली, आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, ते गाण्यासाठी घर सोडून निघाले. एका तबकडीत एवढे सामर्थ्य होते. अशा तबकड्या जपणारी मंडळी आपल्याकडे आहेत. मुंबईत १९९० साली भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था स्थापन झाली, भौतिकशास्त्रज्ञ डॉ. सुरेश चांदवणकर यांनी त्या कामात मोठा वाटा उचलला. जतन करणे ही पहिली पायरी. पण जतन केलेले खरेपणाने ऐकणे ही दुसरी, आणि तिच्यासाठी योग्य दार लागते.

दार बदलण्याची कल्पना माझी नव्हे. इंग्लंडच्या पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने १९६७ साली आणलेल्या ‘क्वाड ३३’ या यंत्रात तबकडीच्या कार्ट्रिजप्रमाणे बदलायचे लहान फलक होते. ही कल्पना वाचून मला सरांचा तो दहा लाख ओहमचा रेझिस्टन्स आठवला, आणि निवृत्तीनंतर मी ही पेटी बांधायला घेतली.

आता पेटीविषयी. विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या मुलांनी हा भाग टिपून घेतला तरी चालेल. शेवटचा टप्पा एल.एम. १८७५ या एका चिपचा आहे. आठ ओहमच्या स्पीकरला तो २० वॉट देतो. त्यासाठी स्पीकरवर सुमारे साडेबारा व्होल्ट हवेत. चिपची वाढ मी २३ पट ठेवली आहे. म्हणजे तिच्या तोंडाशी साधारण ०.५५ व्होल्ट पोहोचला की पूर्ण आवाज मिळतो. ट्रान्सफॉर्मर १८-०-१८ व्होल्टचा. दिष्टीकरणानंतर अधिक-उणे २४ व्होल्टच्या आसपास मिळतात. चिपमध्ये जास्तीत जास्त १५ वॉटच्या घरात उष्णता होते, म्हणून मागे हा पंख्यांचा जाड ॲल्युमिनियमचा तुकडा आहे. हा भाग एकदा बांधला की पुन्हा उघडायचा नाही.

समोरच्या बाजूला ही खाच आहे. हिच्यात बसणारी पाच कार्डे आहेत. सर्वांसाठी नियम एकच. आत काहीही येवो, बाहेर अर्ध्या व्होल्टच्या आसपास यायला हवे. पहिले कार्ड मोबाईल आणि सी.डी. साठी, त्यात वाढ जवळजवळ नाही. दुसरे मॅग्नेटिक कार्ट्रिजचे, १००० हर्ट्झला शंभर पट वाढीचे, रिआ प्रमाणाचे, एन.ई. ५५३२ या चिपवर बांधलेले. तिसरे ७८ च्या तबकड्यांचे. त्यात खालच्या स्वरांची सीमा बदलणारे एक बटण आहे, कारण कोणती तबकडी कोणत्या पद्धतीने कोरली हे शेवटी कानानेच ठरवावे लागते. चौथे सिरॅमिक आणि पिझोचे, टी.एल. ०७२ या चिपचे दार इतके अरुंद आहे की गळती जवळजवळ नाहीच, आणि मी तिच्यापुढे २२ लाख ओहम ठेवले आहेत. पाचवे मायक्रोफोनचे, जे आता आत बसले आहे. प्रत्येक कार्डाला अधिक-उणे १५ व्होल्ट याच खाचेतून मिळतात.

हे सांगताना सर्व सुरळीत झाले असे वाटेल. तसे मुळीच झाले नाही. पहिल्या रात्री दुसरे कार्ड घातले आणि स्पीकरमधून गाण्याऐवजी घूं असा आवाज आला. मेनमधून येणारी घूं ५० हर्ट्झची असते, दिष्टीकरणातील १०० हर्ट्झची. पहिली जाड, दुसरी कर्कश. माझी पहिली होती. म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र पाच मिलिव्होल्टच्या नाजूक कार्डात शिरत होते. ट्रान्सफॉर्मर पेटीच्या दुसऱ्या टोकाला नेला, थोडा फिरवला, सर्व अर्थच्या तारा एकाच बिंदूला आणल्या, तेव्हा शांतता झाली. एकदा कार्ड उलटे घातले. अधिकच्या जागी उणे गेले आणि चिप जळाली. तेव्हापासून खाचेत एक पट्टी आहे, कार्ड उलटे जातच नाही. एकदा पेटी चालू असताना कार्ड ओढले. धाडकन आवाज झाला आणि चांगला स्पीकर कायमचा घोगरा झाला. ती चूक घाईची होती, आणि घाई माझी होती. मुलांनो, ही पेटी बांधाल तेव्हा एक लक्षात ठेवा. २३० व्होल्टशी संबंधित काम मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय करायचे नाही, पेटीला अर्थची तार हवीच, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये भार शिल्लक राहतो, हे विसरायचे नाही.

कोणी विचारील, या वयात एवढी खटपट कशासाठी? आज हातातल्या फोनमध्ये जगातले गाणे आहे. मोठा आवाज हवा असेल तर तोही भाड्याने मिळतो. चांगळेश्वरीच्या यात्रेत, कुस्तीच्या मैदानात, गणपतीत आपण तो ऐकतोच. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे; ती आपण किती पाळतो हे येथे सांगण्याची गरज नाही. मोठ्या आवाजाची टंचाई आपल्याकडे कधीच नव्हती. टंचाई आहे ती लहान आवाज ऐकण्याची. हे मला कसे कळले, ते सांगून मी शेवटाकडे वळतो.

माझ्या आईच्या ओव्यांची एक कॅसेट घरात होती. नव्वदीच्या दशकात कोणाच्या तरी स्वस्त टेपरेकॉर्डरवर, स्वयंपाकघरात जात्यापाशी ती भरली होती. आई गेल्यावर दोन-तीनदा लावली. आवाज गोधडीतून यावा तसा. मी स्वतःशी म्हटले, कॅसेट खराब झाली. पेटी पूर्ण झाल्यावर ती पुन्हा काढली. पहिल्या कार्डातून लावली, तरी तसेच. तेव्हा सरांचे वाक्य आठवले आणि लाज वाटली. मी पुन्हा आवाजालाच दोष देत होतो.

ज्यांनी टेपरेकॉर्डर दुरुस्त केले आहेत त्यांना ठाऊक आहे की वाजविणाऱ्या हेडचा कोन भरताना होता तसाच हवा. किंचित तिरपा झाला तरी वरचे सगळे स्वर नाहीसे होतात. भरणाऱ्या यंत्राचे हेड तिरपे असेल, तर आपले सरळ हेडही त्या कॅसेटपुरते चुकीचेच. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो मी कानावर लक्ष ठेवून हळूहळू फिरवला. पाव फेराही झाला नसेल. जात्याची घरघर पूर्वीही होती, आईचा आवाज पूर्वीही होता. पण त्या क्षणी जात्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर तिच्या बांगड्या ऐकू आल्या.

श्रोतेहो, मी हात मागे घेतला आणि बराच वेळ तसाच बसलो. बांगड्या त्या फितीवर सर्व वर्षे होत्याच.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी पुण्याहून महाराष्ट्रातील खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. केवढे मोठे काम! पण तेवढी माणसे सर्व गावांत पोहोचू शकत नाहीत. आपल्या येळ्ळूरमध्ये किती घरांच्या माळ्यावर भजनी मंडळांच्या, लग्नातल्या, बारशातल्या, आजीच्या ओव्यांच्या कॅसेटी पडून असतील? त्या खराब झाल्या असे आपण ठरवून टाकले आहे. माझी विनंती आहे, टाकून देण्यापूर्वी एकदा दार तपासू या. काही खरोखरच गेल्या असतील. पण त्या गेल्या आहेत हे ऐकून ठरवू या, न ऐकता नको.

आणि हीच गोष्ट या वास्तूतील गुरुजनांना मी नम्रपणे सांगू इच्छितो. आमच्या वर्गात शेतावरच्या वस्तीवरून येणारा एक मुलगा होता. प्रश्न विचारला की तो खाली पाहत असे. आम्ही सारे त्याला मुका म्हणत होतो, मीही म्हणत होतो. सरांनी त्याला उभे करून प्रश्न विचारणे बंद केले. प्रयोगाच्या टेबलापाशी त्याच्या हातात तार आणि बॅटरी दिली आणि स्वतः गप्प राहून पाहत बसले. चार-सहा आठवड्यांनी तो बोलू लागला. प्रथम हातांनी, मग तोंडाने. सरांनी त्याच्यासाठी निराळे कार्ड घातले होते, असे आज मला वाटते. शाळा हा माणसाच्या आयुष्याचा पहिला टप्पा आहे. येथे जे सांडते ते पुढचे कोणतेही महाविद्यालय भरून काढू शकत नाही, आणि येथे मिसळलेली खरखर शेवटपर्यंत सोबत येते. पुढील टप्प्यांच्या चुका त्या मानाने क्षम्य असतात. उत्तम शिक्षक एकाच दाराशी उभा राहत नाही. कोण येतो आहे हे पाहून तो दार बदलतो.

ही पेटी आणि तिची पाच कार्डे मी आज शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेला अर्पण करीत आहे. सोबत सर्व आकृत्या मराठीत लिहिलेली एक वही आहे. आणखी एक, सहावे, कार्डही आहे. त्यावर फक्त खाचेत बसणारे पाय आहेत. बाकी ते कोरे आहे. उद्या कोणता आवाज येईल हे मला ठाऊक नाही. ते कार्ड समोर बसलेल्यांपैकी कोणीतरी बांधायचे आहे. त्याला किंवा तिला अडचण आली, तर माझे घर याच गावात आहे.

 भाषणाला आरंभ करण्यापूर्वी मी मायक्रोफोनचे कार्ड लावले होते. आता ते काढून चौथे लावतो, कारण समारोपाच्या भजनासाठी हार्मोनियम वाट पाहत आहे. आधी बटण बंद करतो, मग कार्ड काढतो. घाई करणार नाही.

सरांच्या स्मृतीला विनम्र अभिवादन.